मराठी मंडळांच्या अध्यक्षांना : संध्याकाळी पाचच्या सामन्याला या

प्रति,
अध्यक्ष आणि कार्यकारिणी,
बृहन्महाराष्ट्र मंडळ, उत्तर अमेरिका, तसेच अमेरिकेतली सर्व स्थानिक मराठी मंडळं



दर वर्षी मे महिना उजाडला की मंडळांकडून ईमेल येते. यंदा हायस्कूल पूर्ण केलेल्या मुलामुलींची नावं, फोटो आणि कोणत्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला ते कळवा, गुणगौरव समारंभात त्यांचं कौतुक करायचं आहे, असा मजकूर असतो. उपक्रम चांगला आहे, तो चालूच राहावा. पण या यादीत कम्युनिटी कॉलेजचं नाव वाचलेलं मला आठवत नाही. आपली मुलं तिथे जात नाहीत असं मुळीच नाही. ती माझ्या वर्गात बसतात, हजेरी घेताना त्यांची आडनावं मी रोज वाचते. त्यांचे आईवडील तो फॉर्म भरत नाहीत, आणि मंडळातूनही कोणी आपण होऊन विचारत नाही.

मी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या ईस्ट बे भागातल्या एका कम्युनिटी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते. हिवाळ्यात घरच्या कोर्टावर सामना असला की बास्केटबॉलच्या स्कोअरर टेबलवर बसते. सामन्याचं अधिकृत स्कोअरबुक माझ्याकडे असतं. मुलींच्या आणि मुलांच्या दोन्ही संघांचा हंगाम मी रेषेला लागून, अगदी खेळाडूंच्या बुटांचा आवाज ऐकू येईल इतक्या जवळून बघते. हे पत्र त्या हंगामाबद्दल आहे. कम्युनिटी कॉलेज कोणासाठी असतं आणि तिथे काय होतं, हे वर्गात मला जेवढं दिसतं त्याहून जास्त त्या जिममध्ये दिसतं. आणि आपल्याकडे मला काही मागायचंही आहे.

कॉलेजांची ओळख थोडक्यात करून देते. आज चालू असलेलं सर्वांत जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज इलिनॉयमधल्या जोलिएट गावी १९०१ मध्ये सुरू झालं. आता एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत. हायस्कूल झालेल्या कोणालाही प्रवेश मिळतो, गुणांची चाळणी नसते. राज्यातल्या रहिवाशाला एका युनिटला ४६ डॉलर फी पडते. पहिल्यांदाच कॉलेजला येऊन पूर्ण वेळ शिकणाऱ्यांची दोन वर्षांची फी माफ करता यावी अशी सोयही राज्याने कायद्याने केलेली आहे. इथे दोन वर्षं काढून पुढची दोन युनिव्हर्सिटीत करता येतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे सहा कॅम्पस तर ठरावीक विषय आणि ठरावीक ग्रेड मिळवणाऱ्याला प्रवेशाची हमीच देतात.

आपल्या समाजाला ही कॉलेजं परकी नाहीत. एच-४ व्हिसावर आलेल्या आपल्या कितीतरी मैत्रिणी इथेच अकाउंटिंग शिकल्या. चाइल्ड डेव्हलपमेंटचे युनिट इथे पुरे करून, वर्क परमिट हातात पडल्यावर प्रीस्कूलमध्ये नोकरीला लागल्या. मंडळांची नाटकं कॉलेजांच्या थिएटरात होतात, ढोल-ताशा पथकांचा सराव त्यांच्या पार्किंगमध्ये चालतो. कुपर्टिनोतल्या डी अँझा कॉलेजचं फ्लिंट सेंटर बे एरियातल्या जुन्या मंडळींना नक्कीच आठवत असेल. २४ जानेवारी १९८४ रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी मॅकिंटॉश पहिल्यांदा लोकांसमोर ठेवला तो त्याच रंगमंचावर. ते सभागृह २०१९ मध्ये बंद झालं तेव्हा आपल्यातले बरेच जण हळहळले होते. म्हणजे थिएटरपर्यंत आपण जातो. त्याच आवारात, बहुतेक वेळा मागच्या बाजूला, जिम असतं. तिथे मराठी माणूस क्वचितच फिरकतो.

या खेळामागे एक जुना अपमान आहे, तो सांगायलाच हवा. १९३७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या १३ दोन-वर्षी कॉलेजांनी एनसीएएला, म्हणजे युनिव्हर्सिटींच्या खेळांच्या राष्ट्रीय संघटनेला, विनंती केली की आमच्या मुलांना तुमच्या ट्रॅक अँड फील्डच्या राष्ट्रीय स्पर्धेत धावू द्या. एनसीएएने नकार दिला. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, त्या कॉलेजांचे लोक फ्रेस्नोला जमले आणि त्यांनी आपली स्वतःची संघटना काढली. तीच आजची एनजेसीएए, म्हणजे नॅशनल ज्युनिअर कॉलेज ॲथलेटिक असोसिएशन. बास्केटबॉलची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९४८ मध्ये मिझूरीतल्या स्प्रिंगफील्डला झाली. १९४९ मध्ये ती कॅन्ससमधल्या हचिन्सन या छोट्या गावात गेली आणि तिथेच रुजली. निवृत्त सैनिकांच्या संघटनेची तिथली शाखा ती भरवते आणि आख्खं गाव मार्च महिन्यात परक्या गावांच्या पोरांसाठी गॅलऱ्या भरतं. एक गाव मनावर घेतं तेव्हा काय होतं, हे ज्यांना बघायचं असेल त्यांनी हचिन्सनकडे बघावं. मुलींना मात्र राष्ट्रीय स्पर्धा मिळायला १९७५ साल उजाडलं. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी करणारा टायटल नाइन हा कायदा १९७२ चा. कायदा होईपर्यंत एनजेसीएएने मुलींसाठी अशी स्पर्धा भरवली नव्हती, यातच सगळं आलं.

आता मात्र आमचं राज्य वेगळ्या चुलीवर आहे. कॅलिफोर्नियाच्या कॉलेजांची संघटना स्वतंत्र आहे आणि तिचा नियम कडक आहे : खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही. टेक्सास, कॅन्सससारख्या राज्यांत एनजेसीएएच्या पहिल्या डिव्हिजनचं कॉलेज खेळाडूची फी, राहणं, जेवण सगळं उचलू शकतं. आमच्याकडे फक्त कोर्ट, जर्सी आणि कोच मिळतो. बाकीचा खर्च त्या मुलीने किंवा मुलाने स्वतः भागवायचा. त्यातून हंगामात किमान १२ युनिट शिकत असणं सक्तीचं, आणि दुसऱ्या हंगामाला उतरायचं तर तोवर २४ युनिट, किमान दोनच्या सरासरीने, पुरे झालेले असले पाहिजेत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हंगाम सुरू होतो. जानेवारी-फेब्रुवारीत आपल्या गटातले सामने, आणि ज्यांचं नशीब आणि मेहनत दोन्ही पावतं ते मार्चमध्ये राज्यस्पर्धेला. नाताळची सुट्टीही सरावातच जाते.

आमच्या जिममध्ये सामन्याच्या दिवशी दोन सामने असतात. संध्याकाळी पाचला मुलींचा, सातला मुलांचा. आपल्याकडे माझं मुख्य मागणं या पाच वाजताच्या सामन्याबद्दल आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते.

पाच वाजता गॅलरी जवळजवळ रिकामी असते. खेळाडूंच्या आया कामावरून थेट आलेल्या, अंगावर हॉस्पिटलचा किंवा दुकानाचा गणवेश तसाच. कोणाचा तरी धाकटा भाऊ फळकुटांवरून उड्या मारत असतो. दोन-चार प्राध्यापक, वाहतुकीत अडकून उशिरा पोचलेले एखादीचे वडील. एवढंच. सात वाजत आले की मुलांच्या सामन्यासाठी माणसं येऊ लागतात, आणि ती मुलींच्या शेवटच्या क्वार्टरमध्ये मोबाइल बघत बसतात.

गेल्या हंगामातला फेब्रुवारीतला एक सामना माझ्या डोळ्यांसमोर आहे. आमच्या संघात त्या दिवशी सात जणी होत्या. समोरच्या बेंचवर बारा. सात जणींचा संघ म्हणजे बदलीला दोघी. कोच सरावात पाच विरुद्ध पाच खेळवूच शकत नाहीत, सहायक कोच आणि ओळखीपाळखीच्या माजी विद्यार्थिनींना उभं करून काम भागवावं लागतं. दुसऱ्या क्वार्टरमध्ये रिबाउंडसाठी उडी मारलेली आमची सगळ्यांत उंच मुलगी दुसरीच्या पायावर उतरली आणि घोटा मुरगळून बाहेर गेली. सहा राहिल्या. थकलेला खेळाडू पायाने पोचत नाही तेव्हा हाताने अडवायला जातो आणि फाउल होतो. स्कोअरबुकमध्ये प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे फाउलचे पाच चौकोन असतात. चौथ्या क्वार्टरमध्ये आमच्या चार जणींचे चार-चार चौकोन भरले होते. पाचवा भरला की हॉर्न दाबायचा आणि पंचाला पंजा दाखवायचा, हे माझं काम. त्या रात्री मी ते दोनदा केलं. शेवटची साडेतीन मिनिटं आमच्या चारच मुली पाच जणींविरुद्ध खेळल्या. खेळताना पाचाच्या चार झाल्या तरी सामना पुढे खेळायला नियमाची आडकाठी नाही.

त्या चार जणींनी चौकोनी झोन लावला. पॉइंट गार्ड अंगाने लहानखुरी, पहाटे एका गोदामात माल लावण्याची पाळी करून वर्गाला येणारी. ती शॉट क्लॉकचे तीस सेकंद पुरेपूर वापरायला लागली. बॉल कोर्टावर आपटत, दोघींना अंगावर घेत, शेवटच्या पाच सेकंदांतच आत घुसायचं. दोनदा तिला फाउल मिळाला आणि चारही फ्री थ्रो तिने घातले. फ्री थ्रोच्या आधी ती बॉल एकदाच आपटते आणि रिंगच्या मागच्या कडेकडे बघते. माझ्या वर्गात तिने आपल्या फ्री थ्रोवरच प्रोजेक्ट केलं होतं : दमलेल्या अवस्थेतले आणि ताज्या अवस्थेतले फ्री थ्रो, दोन्हींची टक्केवारी आणि त्यातला फरक खरा की योगायोगाचा याची चाचणी. सामना आम्ही आठ गुणांनी हरलो. फाउल होऊन बाहेर गेलेल्या दोघी शेवटची साडेतीन मिनिटं एकदाही बेंचवर टेकल्या नाहीत. सामना संपल्यावर समोरच्या संघाच्या कोच आमच्या चौघींपाशी स्वतः चालत आल्या आणि प्रत्येकीचा हात हातात घेऊन बोलल्या. हे पाहायला गॅलरीत तीसेक माणसं होती.

संघात सातच मुली का? देशभर कम्युनिटी कॉलेजांत मुलांपेक्षा मुली जास्त शिकतात, तरी मुलींचे संघ भरताना कोचच्या नाकी नऊ येतात. मला दिसलेली कारणं साधी आहेत. घरात धाकट्या भावंडांना शाळेतून आणायचं काम मुलीकडे येतं, मुलाकडे येत नाही. दुपारची नोकरी सोडणं परवडत नाही. कोच पुष्कळ ठिकाणी अर्धवेळ असतात, त्यांना हायस्कूलं पालथी घालून मुली शोधायला सवड नसते. आणि हायस्कूलला चार वर्षं खेळलेल्या मुलीला कोणी सांगतच नाही की बाई, तुझा खेळ अजून संपलेला नाही.

हे शेवटचं आपल्या घरांना लागू आहे, म्हणून जास्त बोचतं. त्याच सेमिस्टरला माझ्या वर्गात एक मराठी मुलगी होती. हायस्कूलच्या मुख्य संघात दोन वर्षं खेळलेली. मी तिला म्हटलं, कोचना भेट. ती म्हणाली, "घरी सांगितलंय, आधीच कम्युनिटीला आलीयेस, आता खेळबीळ बंद, ट्रान्स्फरचं बघ." तिच्या आईवडिलांना काळजी होती हे मला कळतं. पण बारा युनिटची आणि ग्रेडची सक्ती खेळाडूंना असते, इतरांना नसते. खेळाडूंची ग्रेड सेमिस्टरच्या मध्यावर तपासली जाते, त्यांच्यासाठी वेगळे काउन्सिलर असतात, अभ्यासाचे तास बांधलेले असतात. ट्रान्स्फरच्या वाटेवर खेळाने तिचा हात धरला असता. आणि त्या फेब्रुवारीच्या संध्याकाळी आमच्या बेंचवर आठवी मुलगी असती.

मुलांच्या संघाची गोष्ट वेगळी आहे. तिथे खेळाडू कमी पडत नाहीत, वाट अरुंद झाली आहे. पूर्वी मोठ्या युनिव्हर्सिटीचे कोच खेळाडू हेरायला इकडे येत. जिमी बटलर टेक्सासमधल्या टायलर ज्युनिअर कॉलेजातून मार्केट युनिव्हर्सिटीत गेला आणि तिथून एनबीएत. डेनिस रॉडमनचीही सुरुवात टेक्सासच्या एका छोट्या कॉलेजात झाली. २०२१ पासून एका युनिव्हर्सिटीतला खेळाडू वर्षभर बाहेर न बसता थेट दुसरीकडे जाऊन खेळू शकतो. साहजिकच कोच तीस-चाळीस सामने खेळलेला, अंगाने भरलेला बावीस वर्षांचा गडी घेतात. आमचा एकोणीस वर्षांचा मुलगा रांगेत मागे पडतो. आमच्या संघातल्या मुलांना हे माहीत आहे. तरी ती येतात, आणि त्यांतली बहुतेक पुढे कुठेही खेळत नाहीत. कोणी फायर सायन्सला जातो, कोणी इलेक्ट्रिशियनची ॲप्रेंटिसशिप धरतो, कोणी ट्रान्स्फर होऊन कायनेसिऑलॉजी शिकतो आणि हायस्कूलचा कोच होऊन परत याच भागात येतो. मला तरी यात अपयश दिसत नाही.

ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजच्या मुलांच्या संघावर नेटफ्लिक्सची मालिका आली, ती आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. २०१९-२० च्या हंगामात तीसपैकी एकोणतीस सामने जिंकून तो संघ राज्याच्या अंतिम स्पर्धेपर्यंत आला आणि कोविडमुळे स्पर्धाच रद्द झाली. कोच जॉन मोझली आपल्या मुलांना ते सांगतात तो प्रसंग पाहवत नाही. कॅमेरे मुलांच्या संघामागे होते. असे मुलींचेही संघ या राज्यात आहेत, त्यांच्याही वाटा अशाच अर्ध्यावर तुटल्या.

मुलींच्या वाटेबद्दल मी वर्गात नेहमी शेरिल स्वूप्स यांचं उदाहरण देते. पश्चिम टेक्सासमधल्या ब्राउनफील्ड गावची मुलगी. हायस्कूलनंतर ऑस्टिनला युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासमध्ये गेली, घरची आठवण सोसवेना म्हणून काही दिवसांत परतली आणि घराजवळच्या साउथ प्लेन्स कॉलेज या कम्युनिटी कॉलेजात खेळू लागली. तिथून टेक्सास टेकला. १९९३ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात तिने एकटीने ४७ गुण केले आणि टेक्सास टेक विजेतं झालं. पुढे डब्ल्यूएनबीए सुरू होताना करार झालेली पहिली खेळाडू तीच. घराजवळच्या कॉलेजात परत येण्याला तिच्या गावाने नामुष्की मानलं असतं, तर ती पुढे कुठे असती? आपल्या मंडळात अशी परत आलेली मुलं नाहीत का? आहेत. एखादा पर्ड्यूहून एका सेमिस्टरनंतर परततो, प्रकृती किंवा मन साथ देत नाही म्हणून, आणि गणपतीच्या आरतीला त्याची आई "सध्या ऑनलाइन करतोय" असं हळू आवाजात सांगते. तो माझ्या कॉलेजात असतो, चांगला चाललेला असतो. आईला "कम्युनिटी कॉलेज" हे शब्द मोठ्याने उच्चारता यावेत, एवढं वातावरण मंडळ निर्माण करू शकतं.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती कळल्याशिवाय या हंगामाची किंमत कळणार नाही. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की ज्या कम्युनिटी कॉलेजच्या आवारात आंघोळीची सोय आहे, त्याने ती बेघर विद्यार्थ्यांनाही वापरू द्यावी. असा कायदा करावा लागला यावरून परिस्थितीचा अंदाज करा. गाडीत झोपून सकाळी आठच्या लेक्चरला येणारी मुलं ही माझ्यासाठी बातमीतली माणसं नाहीत. जिम त्यांच्यासाठी उघडतं, आंघोळीला गरम पाणी मिळतं. त्यांतलेच काही संध्याकाळी सरावाला उभे असतात. परगावच्या सामन्याहून बस रात्री साडेदहाला परत येते तेव्हा बाकीचे गाड्या काढून घरी जातात आणि एखादा पार्किंगमध्येच थांबतो. एवढं असून हा खेळाडू त्या सेमिस्टरला बारा युनिट करतो. आपल्या व्यासपीठावरून आपण जिद्दीबद्दल बोलतो, ती जिद्द वीस मिनिटांच्या अंतरावर बुधवारी आणि शुक्रवारी बघायला मिळते.

आता मागणं.

आपल्या मंडळाच्या वार्तापत्रात नोव्हेंबरपासून जवळच्या कम्युनिटी कॉलेजच्या सामन्यांचं वेळापत्रक छापा. कॉलेजच्या संकेतस्थळावर ते असतं. हंगामात निदान एका संध्याकाळी मंडळातर्फे कुटुंबांसह या, आणि सातला येऊ नका, पाचला या. मुलींचा सामना संपेपर्यंत जागचं उठू नका. आपल्या घरच्या आठ-दहा वर्षांच्या मुलींना आणा. कोर्टाच्या इतक्या जवळ बसून त्यांना दुसरीकडे कुठे बघायला मिळणार नाही. ढोल-ताशा पथकाने हाफटाइमला वाजवायची तयारी दाखवली तर आमचे ॲथलेटिक डायरेक्टर आनंदाने होकार देतील असं मला वाटतं. खेळ चालू असताना मात्र वाद्यं बंद ठेवावी लागतील, तसा नियम आहे.

मंडळांमध्ये मुंबईच्या नागपाड्यात मस्तान वायएमसीएच्या कोर्टावर किंवा पुण्यात डेक्कन जिमखान्यावर खेळलेली माणसं आहेत. त्यांनी बास्केटबॉल सोडून वर्षं झाली असतील, पण त्यांना खेळ कळतो. सात जणींच्या संघाला सरावात समोर उभं राहायला पाच माणसं हवी असतात. कोचना ईमेल करा, कागदपत्रांची पूर्तता करा आणि आठवड्यातून एक दिवस जा. टेबलवर घड्याळ चालवायलाही माणसं लागतात. ते काम मी शिकवीन.

पैसे द्यायचे असतील तर एक पथ्य पाळा. खेळाडूच्या हातात थेट पैसे, भेटवस्तू, जेवणाचं कूपन काहीही देऊ नका. चांगल्या मनाने दिलेल्या गोष्टीमुळे त्याची पात्रता धोक्यात येऊ शकते. कॉलेजचं फाउंडेशन असतं, त्याच्या नावाने, मुलींच्या बास्केटबॉलसाठी असं स्पष्ट लिहून द्या. परगावच्या सामन्यानंतर खेळाडूंचं जेवण हा खर्च दर वर्षी तोकडा पडतो. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात उरलेल्या शिलकीतून एक-दोन प्रवासांचं जेवण सहज निघेल.

आणि पालकांसाठी एखादी सभा घ्या, त्यात कम्युनिटी कॉलेजातून ट्रान्स्फर झालेल्या आपल्याच दोन-तीन मुलांना बोलवा. कॉलेज प्रवेशावरच्या आपल्या व्याख्यानांना मी आलेली आहे. तिथे सल्लागार एसएटीपासून निबंधांपर्यंत सगळं सांगतात, पण प्रवेशाची हमी देणाऱ्या त्या सहा कॅम्पसची वाट कोणी सांगताना मी ऐकलं नाही. ती वाट माहीत नसल्यामुळे घरोघरी अठरा वर्षांच्या मुलांना उगीच दोषी वाटतं. हायस्कूलला खेळलेल्या मुलींचे आईवडील त्या सभेत असतील, तर त्यांना सांगा की इथे संघ आहे आणि संघात जागा आहे.

शेवटचं मागणं सर्वांत सोपं आहे, त्याला पैसाही लागत नाही. गुणगौरवाच्या अर्जात "कोणत्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला" अशी ओळ असते. ती बदलून "पुढे कुठे शिकणार आहे" अशी करा आणि खाली "कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनीही आवर्जून नाव द्यावं" असं मराठीत आणि इंग्रजीत लिहा. एवढ्याने पहिल्या वर्षी कदाचित दोनच नावं येतील. ती दोन नावं बर्कली आणि स्टॅनफर्डच्या नावांबरोबर, त्याच आवाजात वाचा. पुढचा हंगाम नोव्हेंबरमध्ये सुरू होतो. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि काय ठरलं ते सभासदांना कळवावं, ही विनंती.

आपली,
ईस्ट बेमधल्या एका कम्युनिटी कॉलेजातली प्राध्यापिका आणि मंडळाची आजीव सभासद